एकाच फाउलला रेफ्री दोन न्याय का लावतात?

फुटबॉलच्या मॅचमध्ये आमच्या डिफेंडरला पिवळं कार्ड आणि तसल्याच टॅकलवर समोरच्याला साधी फ्री किकसुद्धा नाही, म्हणजे रेफ्री विकला गेलाय, असं तुम्ही विचारताय.

नाही. मी कोल्हापुरात अकरा वर्षं शिट्टी वाजवली. मला विकत घ्यायला कुणी आलं नाही. आलं असतं तर निदान मोटारसायकलचे हप्ते फिटले असते.

शाहू स्टेडियमवर दोन तालमींची मॅच (आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात). पहिल्या हाफात पेनल्टी बॉक्समध्ये एका तालमीचा स्ट्रायकर पडला. मी पंचवीसेक यार्ड मागे, मध्ये तिघांच्या पाठी. धूळ उडाली आणि पोरगं आडवं, एवढंच दिसलं. ऊठ म्हणून हात केला. दुसऱ्या हाफात समोरच्या तालमीचा स्ट्रायकर तसाच बॉक्समध्ये पडला, पण या वेळी मी सहा पावलांवर. डिफेंडरच्या बुटाचे स्टड पोटरीवरून घासत खाली आले, मोजा घोट्याशी, शिनगार्ड बाहेर. शिट्टी, पेनल्टी, पिवळं. मॅच १-० सुटली आणि मी बाटल्या चुकवत पोलिसांच्या गराड्यातून बाहेर पडलो.

ज्याला ते कार्ड दाखवलं तो दोन वर्षांनी माझा मेहुणा झाला. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तबकात पाकीट टाकायच्या आधी विचारतो, "दाजी, आमची पहिली का दिली नाही?"

अरे बाबा, दिसली नाही म्हणून! जे दिसलं नाही ते अंदाजानं द्यायचं नसतं. आणि टीव्हीवर सारखे दिसणारे दोन टॅकल सारखे असतातच असं नाही. फुटबॉलच्या बाराव्या नियमात निष्काळजीपणाला नुसती फ्री किक, बेदरकारपणाला पिवळं, गरजेपेक्षा जास्त जोर लावला तर लाल. हे ठरवायला रेफ्रीला एक-दोन सेकंद मिळतात.

मेहुणा म्हणतो, आम्ही तेव्हाच मैदान सोडायला हवं होतं. २०२३ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) प्लेऑफमध्ये बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं झटपट फ्री किकवर गोल केला, तेव्हा केरळा ब्लास्टर्सनी सोडलं की! गोल तसाच राहिला, वर चार कोटींचा दंड. तालमीनं वर्गणी काढून भरला असता काय?

आता एक कबूल करतो. २००२ साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला एक अभ्यास आहे. चाळीस रेफ्रींना लिव्हरपूलच्या एका मॅचमधले टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना मुके. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. आमच्याकडे दोन्ही तालमी घरच्याच, त्यामुळे कुठला स्टँड जवळ आहे त्यावर सगळं. दुसऱ्या हाफातल्या त्या शिट्टीच्या वेळी माझ्या पाठीमागचा स्टँड पेनल्टी मागत होता. त्याचा काहीच परिणाम झाला नाही, असं छातीठोकपणे सांगणार नाही. मेहुण्यासमोर सांगतो, ते वेगळं.

तुमच्या मॅचचा व्हिडिओ असेल तर दोन्ही वेळी रेफ्री कुठे उभा होता ते आधी बघा. लांब असेल तर मला पाठवा, भाऊबीजेला कामाला येईल.