मॅक्रो लेन्स राहू द्या, आधी ट्यूबला उजेड द्या

ट्यूब विकू नका.

तुम्ही लिहिलंय की क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर आहे, त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे आणि १२, २० व ३६ मिलिमीटरच्या तीन एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या नळ्यांचा, संच नुकताच घेतलाय. एफ १६ ठेवून काढलेले कोळ्यांचे फोटो काळे येतात, हलतात, डोळ्याऐवजी पाय शार्प येतो, कोळी पळतो आणि १८-५५ लावली तर फोकसच मिळत नाही. म्हणून संच विकून १०० एमएम मॅक्रो लेन्ससाठी (छोट्या गोष्टी अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्ससाठी) पैसे साठवावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. मी गेली अकरा वर्षं किड्यांचे फोटो बहुतेक ५० एमएम आणि ट्यूब याच जोडीवर काढतोय. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकही मॅक्रो लेन्सने आपोआप सुटणार नाही. एकास एक मोठेपणावर, म्हणजे किडा सेन्सरवर जेवढ्यास तेवढा उमटतो तेव्हा, तीही तितकाच उजेड खाते आणि तिचीही फोकसची पट्टी तेवढीच बारीक असते. तिचा खरा फायदा म्हणजे किड्यापासून थोडं लांब राहता येतं. तो मोठा फायदा आहे, पण ती पुढची पायरी झाली.

ट्यूबमध्ये काच नसते, ती नुसती पोकळी. लेन्स सेन्सरपासून पुढे सरकते, म्हणून जवळचं दिसतं. किती मोठं दिसेल याचा हिशेब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ५० एमएमला १२ आणि ३६ जोडल्या की ४८ भागिले ५०, म्हणजे जवळपास एकास एक. क्रॉप सेन्सरवर तेव्हा २२ ते २४ मिलिमीटर रुंदीचं जग चौकटभर दिसतं. तिन्ही लावल्या तर ६८, म्हणजे १.३६ पट. सुरुवातीला तिन्ही लावायचा मोह टाळा, महिनाभर एकट्या ३६ वर काढा. याच हिशेबातून १८-५५ चं कोडंही सुटतं. १८ वर मोठी ट्यूब लावली की फोकसची जागा लेन्सच्या पुढच्या काचेवर किंवा काचेच्या आतच येते, तिथे किडा बसणार कसा? उलट ७०-३०० सारख्या लेन्सवर ३६ ची ट्यूब फारसं मोठं करत नाही, पण लेन्सला बरंच जवळ फोकस करता येतं. फुलपाखरं आणि चतुर यांच्यासाठी ती जोडी छान.

एक तपासून घ्या. ट्यूबच्या कडेला सोनेरी पिना आहेत ना? पिना नसलेल्या साध्या ट्यूबवर कॅननच्या ईएफ लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं राहतं आणि निकॉनच्या, छिद्राची रिंग नसलेल्या ‘G’ प्रकारच्या लेन्सचं पूर्ण मिटतं. दोन्हीकडे फोटो बिघडतो आणि दोष मात्र ट्यूबच्या माथी येतो.

आता उजेड. एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान. एकास एकवर कॅमेऱ्यात एफ ८ दिसत असलं, तरी प्रत्यक्षात सेन्सरला एफ १६ इतकाच उजेड मिळतो, म्हणजे दोन स्टॉप गेले, उजेड चौथ्या हिश्श्यावर आला. जास्त भाग शार्प यावा म्हणून तुम्ही एफ १६ ठेवताय, तो प्रत्यक्षात एफ ३२ होतो. फोटो काळा तर येतोच, शिवाय डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. एफ ८ ते ११ च्या पुढे जाऊ नका. उरलेली कसर फ्लॅशने भरून काढायची.

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश इथे निरुपयोगी, लेन्स आणि ट्यूबची सावलीच किड्यावर पडते. साधा, जुना, मॅन्युअल स्पीडलाइट, म्हणजे वेगळा बसवायचा फ्लॅश, पुरतो. माझं सेटिंग वर्षानुवर्षं तेच आहे: मॅन्युअल मोड, शटर १/१६० सेकंद, एफ ११, आयएसओ २००, फ्लॅश १/८ किंवा १/१६ ताकदीवर. एवढ्या कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, त्यामुळे हात हलला तरी चित्र गोठतं. तुमचे हललेले फोटो इथेच थांबतील.

पण उघडा फ्लॅश किड्यावर मारू नका. भुंग्याची पाठ, मुंगीचं डोकं, कोळ्याचे डोळे हे सगळे छोटे गोल आरसे असतात. समोर जे असेल तेच त्यांच्यात दिसतं. उघड्या फ्लॅशचा पांढरा टिकला डोळ्यात बसला की तो डोळा मेला. म्हणून डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारं आवरण, करा, घरीच. माझा पुठ्ठ्याचा आहे. फ्लॅशच्या तोंडावर बसेल असा, पुढे रुंद होत जाणारा आणि खाली झुकलेला बोगदा. आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणि तोंडाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर. या दोन थरांत बोटभर फट ठेवायची, एकाला एक चिकटवायचे नाहीत. पहिल्या थरावर उजेड पसरतो आणि दुसऱ्यावर तो सारखा होतो. डिफ्यूझरची कड लेन्सच्या तोंडाच्याही थोडी पुढे, किड्याच्या डोक्यावर छप्परासारखी यायला हवी. तो जितका जवळ तितका किड्याच्या हिशेबाने मोठा, आणि जितका मोठा तितका उजेड मऊ. मी पाच-सहा डिफ्यूझर करून मोडले, तेव्हा कुठे कोन जमला. मागची बाजू काळीकुट्ट येत असेल तर किड्याच्या मागे वीतभरावर एखादं हिरवं पान येईल अशी जागा धरा.

फोकस ऑटोवर ठेवू नका. रिंग एकदा ठरवून सोडून द्या आणि श्वास रोखून आख्खा कॅमेरा केसभर पुढे-मागे न्या. एकास एकवर एफ ८ ला शार्प पट्टी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर मिळते. पट्टी डोळ्यांवरून सरकते त्याच क्षणी बटण. डाव्या हाताची करंगळी भिंतीला किंवा फांदीला टेकलेली असली की निम्मं काम झालं.

सरावाला घरातला जंपिंग स्पायडर घ्या. प्लेक्सिपस नावाचा, बोटाच्या पेराएवढाही नसलेला कोळी आपल्याकडे बहुतेक भिंतींवर असतो. जाळं विणून बसत नाही, उडी मारून माशी धरतो. तो पळतो म्हणता, पण तो तुमची सावली पाहून पळतो. खालच्या बाजूने, त्याच्या नजरेच्या पातळीवर हळूहळू जा. बहुतेक वेळा तो स्वतःच वळून बघतो. पुढच्या रांगेत चार डोळे, त्यातले मधले दोन टपोरे. या दोन डोळ्यांची भिंगं डोक्यात पक्की असतात, नजर वळवायची तर आतला पडदा हलतो. व्ह्यूफाइंडरमधून नीट बघितलंत तर डोळ्याचा रंग बदलताना दिसेल, आत्ता मधासारखा तपकिरी, आत्ता काळा. डोळा काळाभोर झाला की तो थेट तुमच्याकडे बघतोय. तेव्हाच फोटो घ्या. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी बटण दाबायचंच विसरून गेलो होतो.

या गटात अजून किती काही नवं सापडतंय! ठाणे-कल्याण भागातल्या एका जंपिंग स्पायडरचं शास्त्रीय वर्णन २०२१ मध्ये झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून त्याचं नाव आयशियस तुकारामी ठेवलं आहे. आंब्याच्या झाडावर पानं शिवून राहणाऱ्या तांबड्या ओंबील मुंग्या दिसल्या तर तिथे दहा मिनिटं थांबा. त्यांच्यातली एखादी ‘मुंगी’ आठ पायांची निघते. हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा तो जंपिंग स्पायडरच असतो. (थांबताना बाह्या खाली करा, ओंबील कडकडून चावते.)

उडणाऱ्या किड्यांमागे दुपारी धावू नका. वेळ निवडा. तुळशीवर दिवसभर भिरभिरणारी निळ्या पट्ट्यांची मधमाशी, ॲमेजिला, दिवसा हाताला लागत नाही. पण तिचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्यांनी घट्ट चावून, पाय पोटाशी घेऊन तसेच झोपतात, पुष्कळदा एकाच काडीवर रांगेने आणि रोज त्याच जागी. पहाटे उन्हाआधी तिथे गेलात तर तासभर मिळतो. फ्लॅश नको, ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, रिंग किंचित फिरवत दहा-पंधरा फोटो काढा आणि ते नंतर स्टॅक करा, म्हणजे संगणकावर त्यांचे शार्प भाग एकत्र जोडा. पट्ट्यांचा निळा-हिरवा रंग आणि मिशांवरचं दव असं फ्लॅशमध्ये कधीच येत नाही.

या माश्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मागची बाजू स्वच्छ यावी म्हणून मी शेजारच्या दोन वाळक्या काड्या तोडल्या. त्यातल्या एकीवरही माश्या झोपायच्या हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा नर त्या रिकाम्या जागेभोवती अंधार पडेपर्यंत घिरट्या घालत राहिले. तेव्हापासून आड येणारी काडी मी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बाजूला धरतो आणि फोटो झाला की सोडतो. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. तो अजिबात ऐकू नका. असा किडा बसतो कसाही, पाय वाकडे पडलेले असतात आणि ज्याने किडे पाहिलेत त्याला ते लगेच कळतं.

आज रात्री एवढंच करा: ५० एमएमवर ३६ ची ट्यूब लावून स्टीलच्या पट्टीचा फोटो काढा, किती मिलिमीटर चौकटीत आले ते मोजा, मग डिफ्यूझर बनवायला बसा. तयार झाला की कॅमेऱ्यावर बसवलेल्या डिफ्यूझरचा बाजूने काढलेला एक फोटो इथे टाका. कोन कुठे चुकतोय ते त्यावरून लगेच सांगता येईल.