एका दुर्बिणीपुरता प्रस्ताव

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नंतर १९व्या शतकातल्या मराठी खगोललेखनावर पीएच.डी. केली. आता विज्ञानाच्या इतिहासातल्या एका परदेशी पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपसाठी अर्ज करतेय. 'ब्रिटिश काळातलं भारतीय विज्ञान' असा मोठा विषय घे, असं सगळे सुचवतात. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही, साधनंही बहुतेक मराठीतली. निवड समिती मला विचारात घेईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मोठा विषय अजिबात घेऊ नका. एक-दोन वर्षांत तुमच्या हाती नेमकं काय लागणार, हे समितीला पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. विद्यार्थ्यांचे असे मसुदे मी वर्षानुवर्षं तपासत आलेय, आणि चांगली अभ्यासू मुलं याच ठिकाणी अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

विषय तुमच्या गावातच आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. देणगी भावनगरच्या महाराजांची, २० इंची परावर्ती (आरशाची) दुर्बीण डब्लिनचे दुर्बिणकार ग्रब यांची आणि सगळी धुरा प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्यावर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच आली होती. पुढे १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत रवाना झाली.

एक प्राध्यापक निवृत्त झाला म्हणून अख्खी वेधशाळा का मिटावी? त्यांच्या जागी दुसरं कुणी का आलं नाही? त्याच सुमाराला, १९११ मध्ये, कॉलेज नावानिशी इंजिनिअरिंगचं झालं; त्याचा यात किती वाटा? तुमचा प्रस्ताव या प्रश्नांनीच सुरू होऊ द्या. मग कोणती कागदपत्रं कुठे पाहणार, ते महिन्यांनिशी मांडा : शिक्षणखात्याच्या फायलींसाठी मुंबईचं पुराभिलेखागार, कोडाईकनालच्या कागदांसाठी बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, ग्रहणाच्या बातम्यांसाठी 'केसरी'चे जुने अंक. जाण्याआधी प्रत्येक ठिकाणी पत्र टाकून काय उपलब्ध आहे ते विचारा आणि आलेलं उत्तर प्रस्तावात नमूद करा.

मराठी साधनं हे तुमचं बळ आहे. ती मूळातून वाचून वर्णपटाचं (प्रकाशाच्या रंगांत होणाऱ्या विभागणीचं) गणितही समजणारे अभ्यासक किती असतील? शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ मध्ये मराठीतच निघाला, आणि आजही अभ्यासकांना तो टाळून पुढे जाता येत नाही. मोडी लिपी येत असेल तर पहिल्याच परिच्छेदात लिहा; येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा.

इतिहासाच्या पदवीची उणीव शिफारसपत्रांतून भरून काढा. एक पत्र भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचं असू द्या, पण दुसरं इतिहासाच्याच माणसाकडून घ्या आणि त्यांना मसुदा किमान महिनाभर आधी द्या. पीएच.डी.नंतर किती वर्षांपर्यंत अर्ज चालतो, हे मात्र सगळ्यात आधी पाहून घ्या.