मोल्सवर्थमधलं ‘मोल’

प्रश्न असा आला आहे: ‘मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थच्या आडनावात “मोल” आहे आणि “वर्थ”ही आहे. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींचा अर्थ किंमतच. यात काही संबंध आहे का? की बिळं करणाऱ्या “मोल” या प्राण्यावरून हे नाव पडलं? आणि हे आडनाव एरवी कुठेच कसं ऐकू येत नाही?’

किमतीचा संबंध दोन्हीकडून नाही. आपलं ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’वरून आलेलं. ते आडनाव पडलं इंग्लंडातल्या एका गावावरून. त्यातलं ‘मोल’ हे एका माणसाचं नाव, आणि ‘वर्थ’ म्हणजे त्याची जागा.

फोड ‘मोल्स’ आणि ‘वर्थ’ अशी करायची. मधला ‘स’ षष्ठीचा, आपल्या ‘चा-ची-चे’चं काम करणारा. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जमीन, घराभोवतीचं आवार, पुढे तिथे उभी राहिलेली वस्ती. किंमत अर्थाचा ‘वर्थ’ हा वेगळाच शब्द, उच्चार तेवढा जुळला. गंमत म्हणजे मोल्सवर्थच्या कोशात ‘वाडी’ उघडून पाहा. आधी कुंपणातली जमीन, मग शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, असेच अर्थ त्याच क्रमाने दिले आहेत. थोडक्यात, वर्थ म्हणजे वाडी. असे वर्थ इंग्लंडभर विखुरले आहेत. लंडनमधलं वाँड्सवर्थ हे वेंडल नावाच्या माणसाचं, केनिलवर्थ हे किनेहिल्ड नावाच्या बाईचं. कवी वर्ड्सवर्थच्या आडनावातही शब्दबिब्द काही नाही. यॉर्कशायरमधल्या वॉड्सवर्थ या गावनावाचं ते बदललेलं रूप मानलं जातं. वकिलांच्या कपाटात जाड पुस्तकांवर दिसणारं बटरवर्थ मात्र खरोखरच लोण्याचं आवार!

आता हा ‘मोल’ कोण? मूळ नाव ‘मूल’, दीर्घ ऊकाराचं. ते लॅटिन ‘मूलुस’ म्हणजे खेचर या शब्दाशी जोडतात. मिश्र रक्ताच्या माणसाला पडलेलं टोपणनाव असावं असा तर्क आहे. असली नावं तेव्हा राजेही मिरवत. इंग्लंडातल्या वेसेक्स या जुन्या राज्याच्या कॅडवाला राजाच्या भावाचं नाव मूलच होतं. तो शेजारच्या केंट राज्याचा राजा झाला आणि ६८७ मध्ये तिथल्या लोकांनी त्याला जाळून मारलं. आपल्या गावाचा मूल हा नव्हे, नाव तेवढं एक. प्राण्याची शंका तर काळाच्या हिशेबातच निकालात निघते. जमीन उकरणाऱ्या त्या प्राण्याला जुन्या इंग्रजीत ‘वांड’ म्हणत; ‘मोल’ हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो चौदाव्या शतकात. गावाची नोंद मात्र १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत, आहे. नाव आधीचं, प्राण्याचा शब्द नंतरचा.

हे मोल्सवर्थ गाव हंटिंग्डनशरमधलं. १९७४ पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. खेडं छोटंसं, पण शेजारच्या लष्करी विमानतळामुळे गाजलेलं. १९८५ च्या फेब्रुवारीत तिथे आणायच्या क्षेपणास्त्रांविरोधात ठाण मांडून बसलेल्या शांततावाद्यांना हटवून लष्कराने रातोरात विमानतळाभोवती कुंपण घातलं. नावातच कुंपण असलेल्या गावाला आणखी एक मिळालं.

आडनाव विरळ का, याचं उत्तरही गावातच आहे. ‘नॉर्टन’ म्हणजे उत्तरेचं गाव. असली गावं इंग्लंडात ठिकठिकाणी, म्हणून नॉर्टन मंडळीही भरपूर. आपल्याकडे वडगावकर सगळे एकाच वडगावचे नसतात, तसंच. मोल्सवर्थ नावाचं मूळ गाव एकच. शिवाय गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडणाऱ्याला; गावातच राहिलेल्याला त्या नावाने हाक कोण मारणार? सुरुवातीला ‘द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा, असं लिहीत. पुढे ‘द’ गळाला. इंग्रजांनी त्यांचा ‘कर’ पुढे लावला आणि टाकूनही दिला, एवढाच फरक.

माणसं थोडी, पण नाव लांबवर गेलं, कारण घराणी वजनदार होती. डब्लिनमध्ये जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कला इंग्लंडचा राजदूत म्हणून राहिला, तिथल्या निरंकुश राजवटीवर त्याने टीका करणारं पुस्तक लिहिलं आणि १७१६ मध्ये तो व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. दुसरी शाखा कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरोची. तिचा पहिला बॅरोनेट (वंशपरंपरागत ‘सर’ किताबाचा मानकरी) हेंडर मोल्सवर्थ याने जमैकात हंगामी गव्हर्नरपद सांभाळलं आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीची मुखत्यारीही केली. हा भाग घराण्याच्या कौतुकात सहसा येत नाही. याच शाखेतला सर विल्यम १८५५ मध्ये ब्रिटनचा वसाहतमंत्री होता. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, तो याच घराण्यामुळे. तिथली संसद त्याच रस्त्यावर आहे. आणि डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट जिथे संपतो, तिथे समोर आयर्लंडची संसद!

आपले जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले. कँडी बंधूंना आणि शास्त्रीमंडळींना हाताशी धरून त्यांनी केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते ती हीच.

राहता राहिलं लेखन. ‘मोलेसवर्थ’ असं बरेच जण लिहितात, पण त्या स्पेलिंगमधला ‘ई’ उच्चारत नाहीत. इंग्रज साधारण ‘मोल्झवर्थ’ म्हणतो. मराठीत ‘मोल्सवर्थ’ रुळलं आहे, तेच लिहावं.