मधलं नाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा मालवणच्या एसटी स्टँडवर मला बाजूला घेऊन तू म्हणालास, "काका, मी कुणाला फसवलं नाही, फक्त खातं वापरायला दिलं." ते 'फक्त' रात्रभर डोक्यात होतं. एटीएम कार्ड, पासबुक, खात्याला जोडलेलं सिम, सगळं एका कमिशन घेणाऱ्या सीनियरमार्फत पाच हजारांत दिलंस. तिकडे कुणी म्हातारा लुबाडला जातो, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करतो, आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती गोठत जातात. लुबाडणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नसतं. तुझं असतं, आणि मधे तुझ्या बापाचं.

म्हणून सांगतो, घरी सांग.

मग तू परिस्थिती काढलीस. बाबा ट्रॉलरवर, आई काजूच्या कारखान्यात, होस्टेलचं भाडं. अरे, कॅशच्या खिडकीत जन्म काढला मी. बंगल्यातली पोरंही बापाची खोटी सही ठोकताना पाहिलीत. गरिबीच्या माथी मारू नकोस. बाबा फोनवर विचारतात, "पैसे पुरतत मा?" तू "होय" म्हणतोस. संपलं बोलणं! त्या 'होय'मागे काय चाललंय ते घरात कुणालाच ठाऊक नाही, हे त्या कमिशनवाल्या सीनियरने बरोब्बर हेरलं.

मीही असाच 'होय' म्हणायचो. कॉलेजात असताना मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले. आठ महिने घरी अवाक्षर काढलं नाही. नोटीस पोस्टमनने बाजारात बापूसच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. शेजारच्या दुकानदाराने ती मोठ्याने वाचली. दम्याच्या माणसाला कशाला त्रास, म्हणून गप्प राहिलो, असंच आजवर सांगत आलोय. आणि दमा होताच त्याला, खोटं नाही. त्या पावसाळ्यात तर... जाऊ दे. घाबरलो होतो मी.

आधी घरी सांग, मग बाकीचं. मोबाइलमधलं एकही चॅट पुसू नकोस. बँकेत लेखी अर्ज देऊन खातं बंद करायला सांग, पोच घे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी लागलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा पोलिसांकडे वकिलाला घेऊनच जायचं. शनिवारी मी येतो, तिघे मिळून जाऊ. तिघे म्हणजे तू, मी आणि बाबा. त्यांना वगळून मी येणार नाही.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की बोट सुटेल. आज ते पडवीत जाळं सांधत बसले असतील. शेजारी बस. ओरडतील, ओरडू देत.

तुझा,
काका