‘गॉथिक’ म्हणजे भुताटकी नव्हे

प्रश्न असा आहे: ‘जेन एअर’सारखी जुनी गॉथिक प्रणयकादंबरी (इंग्रजीत ‘गॉथिक रोमान्स’) अंतराळयानात घडवून पुन्हा लिहिली, तर तिला भाषांतर म्हणावं, रूपांतर म्हणावं की आणखी काही?

रूपांतर. यातलं ‘अंतर’ म्हणजे दुरावा नव्हे, ‘दुसरं’. जन्मांतर, देशांतर, तसंच रूपांतर. भाषा तीच असेल तर भाषांतर कसलं? नायिकेच्या अंगावर अंतराळपोशाख चढवून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं असेल, तर मात्र सरळ वेशांतर म्हणा.

पण प्रश्नातला खरा ऐवज ‘गॉथिक’ आहे आणि त्याचीच सर्रास माती होते. काळे कपडे, वटवाघळं, थोडा अंधार दिसला की झालं गॉथिक! गॉथ हे जर्मानिक लोक. ४१० साली अलारिकच्या गॉथांनी रोम लुटलं. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये टोकदार कमानींची चर्च उभी राहू लागली, तोवर गॉथांची राज्यं कधीच बुडाली होती. तरीही प्रबोधनकाळातल्या इटालियनांनी ती शैली रानटी ठरवून गॉथांच्या माथी मारली. पुढे इंग्रज लेखक होरेस वॉलपोलनं आपल्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीवर हीच शिवी ‘गॉथिक कथा’ म्हणून मानानं छापली. आता ‘रोमान्स’ घ्या. मुळात प्रेमाशी संबंधच नाही! लॅटिनच्या पोटी जन्मलेली लोकबोली म्हणजे रोमान्स, आणि मग त्या बोलीत सांगितलेली गोष्ट. म्हणजे ‘गॉथिक रोमान्स’मध्ये रोम लुटणारे आणि रोम स्वतः एकाच छपराखाली नांदतात. ‘भयकथा’ एवढा प्रतिशब्द देऊन मोकळे होणारे हे सगळं घालवून बसतात.

माझ्या मते या प्रकाराचा गाभाच तो आहे: परकं माणूस आणि घरचं माणूस एकाच वाड्यात कोंडलेलं. ‘जेन एअर’मधल्या थॉर्नफील्ड वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कुलपात ठेवलेली बर्था, नायकाची वेडी बायको, आठवा. यानात तर ही कोंडी आणखी पक्की होते, कारण पळून जायला बाहेर हवाच नाही.

इंग्रज विज्ञानकथाकार ब्रायन ऑल्डिस यांनी विज्ञानकथेचा उगम मेरी शेलीच्या १८१८च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत मानला आणि तिची घडण गॉथिक ठरवली. घडणीचं कबूल, उगमाचं साफ नाकबूल. १७६४च्या ‘ओट्रांटो’त लग्नाच्याच दिवशी नवरामुलगा अंगणात एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडलेला सापडतो आणि ते आलं कुठून हे कुणालाच सांगता येत नाही. विज्ञानकथा याहून वेगळी कुठे सुरू होते? ‘ओट्रांटो’चं रूपांतर करणाऱ्यानं ते शिरस्त्राण खुशाल तसंच ठेवावं, फक्त ते कुठून आलं एवढं सांगावं.