पासपोर्टवर एक नाव, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं: माझे अकरा महिने गेले

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. नवरा कॅनडात, तू बडोद्यात, त्याच्याकडे जायला अर्ज करायचाय, पासपोर्टवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं, आणि वर विचारतेस की तिकडच्या मराठी मंडळात रुळायला किती दिवस लागतात! मंडळाचं नंतर. (लहान असशील म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.) फॉर्म, मेडिकल वगैरे सगळीकडे मिळतं, ते सोडते.

माझं असं झालं की लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, सुनीताची स्नेहल झाले, पेढे वाटले, छान. गुजरातेत २००६ च्या कायद्याने लग्नाची नोंद सक्तीची, ती केलीच, पण नोंदीत पासपोर्टवरचंच नाव घालायचं हे कोणी सांगितलं नाही आणि सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून मीही गप्प बसले. त्यात कारकुनाने सवयीने 'बेन' चिकटवलं. झालं, पासपोर्टवर सुनीता, दाखल्यावर स्नेहलबेन, बाबांच्या नावाला एका कागदावर भाई, दुसऱ्यावर नाही. मी खिडकीतच म्हटलं हे जुळत नाहीये हो, तर मान वर न करता, "चालशे बेन, बधुं चालशे." कुठलं चालतंय! दुरुस्तीला गेले तर साहेब रजेवर, साहेब आले तर रजिस्टर दुसऱ्या मजल्यावर, रजिस्टर मिळालं तर "आधी का नाही बोललात". कचेरीचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. दिवाळीत नवरा तिकडे बेसमेंटमध्ये एकटा फ्रोझन कचोरी गरम करत बसला होता आणि मी इकडे टोकन घेऊन.

भाषांतरातही माती खाल्ली. गुजराती दाखल्याचं इंग्रजी दिराने केलं, तो वकील, फुकटात झालं म्हणून आम्ही खूश. कॅनडावाले घरच्या माणसाचं भाषांतर घेतच नाहीत, मग तो वकील असो की नोटरी. बाहेरून करून घे, भाषांतर करणाऱ्याचं अफिडेव्हिट आणि मूळ दाखल्याची कॉपी सोबत लाव. आणि दाखला लॅमिनेट करू नकोस, त्यावर पुढे शिक्का मारून देत नाहीत.

शेवटी नोटरीकडे दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र केलं, आणि एका पानाचं पत्र लिहिलं की आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. सोबत त्या ताटाचा फोटो, तांदळात 'स्नेहल'. तिकडच्या ऑफिसरला काय कळलं देव जाणे, पण फाईल हलली. मी काही वकील नाही, आणि माझी फाईल २०१८ ची, त्यामुळे आत्ताचे नियम सरकारी साइटवर बघ, एजंटच्या तोंडावर जाऊ नकोस.

आता मंडळ. पहिल्याच गणपतीत मी भाजीला सवयीने गुजराती शब्द वापरून "शाक कोणी केलंय?" म्हटलं आणि पुण्याच्या काकू हसल्या, मग "पण मूळ गाव कुठलं?" अहो, पणजोबा सयाजीरावांच्या नोकरीत आले, चार पिढ्या बडोद्याच्या दांडिया बाजारात गेल्या, अजून कुठलं मूळ! मी चिडून वर्षभर गेलेच नाही, तो माझा मूर्खपणा. पण पहिली नोकरी मला त्या 'शाक'मुळेच लागली, गुजराती अकाउंटंटकडे. दोन्हीकडे जा, गुजराती लपवू नकोस.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा हवा तर मेसेज कर, पाठवते. मसुद्यात माझ्या नावांच्या जागी तुझी घाल, आणि कुठे 'बेन' राहिलं नाही ना ते दोनदा बघ.