वाचकांचे प्रश्न : डाउन पेमेंटचे पैसे आणायचे कुठून?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत. हप्ता झेपेल, पण सुरुवातीची रक्कम जमत नाही. ती जमवून देण्याचे जे मार्ग सुचवले जातात, त्यांत नफा किती आणि तोटा किती, हे या उत्तरांत पाहू.

प्रश्न : पुण्यात बांधकाम चालू असलेला ४८ लाखांचा फ्लॅट पसंत केला आहे. हाताशी १० लाख आहेत. कमी पडणाऱ्या ५ लाखांसाठी पर्सनल लोन घ्या, बँकेला काही कळत नाही, असे एजंट म्हणतो. माझा हातात येणारा पगार ९० हजार आहे. घ्यावे का?

आधी हिशेब नीट मांडू, कारण कमी पडणारी रक्कम ५ लाख नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढेच कर्ज मिळू शकते. म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ३८ लाख ४० हजार. तुमचा हिस्सा ९ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरली जात नाही, ती खिशातूनच भरायची. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ३ लाख ३६ हजार, नोंदणी ३० हजार. शिवाय बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ४० हजार. बेरीज १५ लाख ६६ हजार, म्हणजे कमी पडतात ५ लाख ६६ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि सोसायटीचे पैसे अजून यात नाहीतच.

आता पर्सनल लोन. १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ५ लाख घेतले, तर हप्ता साधारण ११,१२० रुपये. बँक तुमचे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत चालवून घेते असे धरले, तर तुमची मर्यादा ४५ हजार. गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचे असेल, तर लाखामागे हप्ता ८६८ रुपये पडतो. म्हणजे पर्सनल लोनचे ते ११,१२० रुपये गृहकर्जाच्या पात्रतेतून सुमारे १२ लाख ८० हजार कापतात. घेतले ५ लाख, गेले पावणेतेरा! एजंट हा आकडा कधी सांगत नाही. तुमच्या बाबतीत ३८ लाख ४० हजारांचे गृहकर्ज आणि हे पर्सनल लोन मिळून हप्ता ४४,४०० च्या पुढे जातो. कागदावर बसतो, पण अगदी काठावर. गाडीचा एखादा हप्ता चालू असेल तर तोही बसणार नाही. व्याजदर अर्धा टक्का वाढला तरी मर्यादा ओलांडली जाते. ताबा मिळेपर्यंत सध्याच्या घराचे भाडे आहे, ते वेगळेच.

"बँकेला कळत नाही" हे तर साफ चूक. नवे कर्ज सिबिलच्या, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात काही आठवड्यांत दिसते आणि रक्कम सोडण्याआधी बँक तो अहवाल पुन्हा काढू शकते. तेव्हा मंजूर रक्कम कमी झाली, तर करारनामा नोंदवलेला, मुद्रांक शुल्क भरलेले आणि पैसे अपुरे, अशी अवस्था होते.

त्यापेक्षा स्वतःच्या मुदत ठेवीवर कर्ज घेतलेले परवडते. तिथे व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडेच जास्त असते. मात्र तुमचे १० लाखच ठेवीत असतील, तर ती मोडायचीच आहे. नवरा-बायको दोघेही कमावते असाल, तर दोघांच्या पगारावर कर्ज काढले की पात्रतेचा प्रश्न बराच सुटतो, पण स्वतःच्या हिश्श्याचा सुटत नाही. हिश्श्यापुरता एक उपाय आहे. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, इथे ४८ हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतले तर ही सवलत नाही. आणि नाव फक्त पत्नीचे असेल, तर कर्जाचे हप्ते तुम्ही भरूनही व्याजाची कर-वजावट तुम्हाला मागता येत नाही, कारण ती मालकालाच मिळते. जुनी करपद्धत वापरत असाल तर हे आधी तपासा.

प्रश्न : पीएफमधून पैसे काढून डाउन पेमेंट भरले तर नुकसान होते का?

या पैशांवर हप्ता नाही, त्यामुळे पात्रता कमी होत नाही, आणि बँकही ते तुमचेच पैसे मानते. म्हणून बाकी सगळ्या मार्गांपेक्षा हा स्वच्छ. पीएफचे व्याज २०२४-२५ साठी ८.२५ टक्के होते, गृहकर्जाचा दरही तेव्हा त्याच्या आसपासच होता. दर तसेच असतील तर निव्वळ व्याजाचा हिशेब बरोबरीत सुटतो. मात्र आज काढलेले ६ लाख याच दराने २० वर्षे राहिले असते, तर २९ लाखांच्या घरात गेले असते. ही रक्कम परत भरायची सक्ती नसते, म्हणून कुणी भरत नाही. निवृत्तीला दहा-बारा वर्षे उरली असतील तर पीएफला हात लावू नये, असे आमचे मत. तिशीत असाल तर चालेल.

अडते ते कागदांवर. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळत नाही, किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते, आणि अर्ज फेटाळला जातो. हे करारनाम्याच्या दोन-तीन महिने आधी निस्तरून ठेवा. घर आई किंवा भावाबरोबर संयुक्त नावावर घेणार असाल, तर जुन्या नियमांत अग्रिम (पीएफमधून घरासाठी मिळणारी उचल) मिळत नसे. सदस्य, त्याची पत्नी वा पती, किंवा दोघे मिळून, एवढीच नावे चालत. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय मंडळाने काढण्याचे सगळे प्रकार एकत्र करून किमान सेवा १२ महिने आणि २५ टक्के शिल्लक कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. अर्ज भरताना त्या दिवशी पोर्टलवर जे दिसेल तेच प्रमाण माना.

प्रश्न : आमचे वार्षिक उत्पन्न ८ लाख. ३२ लाखांचे घर घेतो आहोत. पंतप्रधान आवास योजनेचे १ लाख ८० हजार डाउन पेमेंटला वापरता येतील का?

नाही. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातले व्याज अनुदान तुमच्या हातात येत नाही, ते कर्जखात्यात जमा होते, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. ९ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचे घर आणि देशात कुठेही पक्के घर नसणे, या अटींपैकी उत्पन्न आणि घराची किंमत यांत तुम्ही बसता. अडचण कर्जाच्या २५ लाखांच्या मर्यादेची आहे. एरवी तुम्हाला ९० टक्क्यांप्रमाणे २८ लाख ८० हजार कर्ज मिळू शकते, म्हणजे स्वतःचे ३ लाख २० हजार पुरतात. अनुदान हवे असेल तर कर्ज २५ लाखांवर थांबवावे लागेल आणि स्वतःचे ७ लाख घालावे लागतील. पाच वर्षांत १ लाख ८० हजार मिळवण्यासाठी पहिल्याच दिवशी ३ लाख ८० हजार जास्त. ते असतील तर अनुदान जरूर घ्या. उसने काढून घेऊ नका.

प्रश्न : मामा ६ लाख आणि चुलतभाऊ ४ लाख द्यायला तयार आहेत. बक्षीस म्हणून घ्यावे की उसने?

मामांचे बक्षीस म्हणून घ्या. आई-वडिलांची भावंडे आयकराच्या दृष्टीने नातेवाईक आहेत, त्यामुळे कर नाही. चुलतभाऊ त्या व्याख्येत बसत नाही. त्याच्याकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त बक्षीस घेतले, तर पूर्ण रकमेवर तुम्हाला कर लागेल. त्याच्याकडून उसनेच घ्या, साध्या करारपत्रावर. आणि दोघांचेही पैसे खात्यातूनच आले पाहिजेत. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मामांकडून सही केलेले बक्षीसपत्र घेऊन ठेवा. खात्यात एकदम ६ लाख कुठून आले, हे बँक विचारतेच.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, करारनाम्यात ४८ ऐवजी ५२ लाख लिहू, वाढीव कर्जातून तुमचे डाउन पेमेंट होईल. दुसऱ्या बिल्डरची "आता थोडे भरा, ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरू" अशी योजना आहे.

पहिल्याला सरळ नाही म्हणा. ही बँकेची फसवणूक आहे आणि सही तुमची असते. शिवाय ४ लाख वाढीव किमतीवर मुद्रांक शुल्क २८ हजार आणि जीएसटी २० हजार फुकट जातात. किंमत ५० लाखांवर गेल्याने बिल्डरला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (कर) कापून भरण्याची जबाबदारीही तुमच्यावर येते.

दुसऱ्या योजनेत कर्ज तुमच्याच नावावर असते. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक तुम्हाला धरते आणि सिबिल तुमचेच खराब होते. राष्ट्रीय आवास बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहायला सांगितले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच व्यवहारांची सीबीआय चौकशी लावली. एवढे कळल्यावर "हप्ता आम्ही भरू" ही ओळ जाहिरातीत कितीही मोठ्या अक्षरांत असली तरी करारनाम्यात शोधा. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याची रेरा कायद्याने बिल्डरला मनाई आहे. त्याहून जास्त मागितली तर तिथेच थांबा.

प्रश्न : केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. घरबांधणी अग्रिम घ्यावे की बँकेचे कर्ज?

अग्रिम. मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख, यांतील कमी असलेली रक्कम. व्याज सरळ पद्धतीने लागते, आधी मुद्दल १८० हप्त्यांत फिटते आणि मग व्याज ६० हप्त्यांत. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज घेता येते. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून विक्रेत्याला तारीख देताना घाई करू नका.

प्रश्न : जुना फ्लॅट ६० लाखांना ठरला, टोकन दिले. बँकेने मूल्यांकन ५४ लाखच केले. आता?

बँक दोन्हींतली कमी किंमत धरते. ८० टक्क्यांनी ४८ लाखांऐवजी ४३ लाख २० हजार मिळतील, ४ लाख ८० हजारांचे भगदाड तुमच्या हिश्श्यात. दुसऱ्या बँकेचे मूल्यांकन करून पाहा, फरक पडू शकतो. नाहीच जमले तर विक्रेत्याशी किमतीवर बोला. टोकनची पावती काढून बघा. "बँकेने अपेक्षित कर्ज मंजूर न केल्यास टोकन परत" ही ओळ त्यात असेल तर सुटलात, नसेल तर ते विक्रेत्याच्या मर्जीवर आहे.